ती काय वाचते, ते तिला विचारा

माझ्या टायपिंग क्लासात कोणालाच नाव नसतं. मशीनचा नंबर हेच नाव. टाइपरायटर होते तेव्हापासूनची ही रीत. मंगरूळपीरच्या बाजारात आजही एखादी बाई, कडेवर नातू घेतलेली, मला भाजीच्या दुकानापाशी अडवते आणि म्हणते, "सर, ओळखलं का? मी अकरा नंबर." आणि मी ओळखतो. चेहरा आठवत नाही, पण अकरा नंबरच्या मशीनची कोणती दांडी अडकायची ते आठवतं. तेवढ्यावर आमची पाच मिनिटं मजेत जातात.

क्लासाचे नियम दोन. पहिला, बोटांकडे बघायचं नाही. जी बघेल तिच्या हातांवर मी माझा दुपट्टा टाकतो, खांद्यावरचा, आणि तो उचलायची परवानगी पंधरा दिवस नाही. दुसरा नियम, उतारा वाचायचा नाही. मजकूर डोळ्यांतून आत आला की थेट बोटांतून बाहेर पडला पाहिजे, वाटेत डोक्यात मुक्काम करता कामा नये. जो अर्थ लावत बसतो त्याचा स्पीड पडतो. माझ्या चाळीसच्या स्पीडच्या मुली एखाद्याचं मृत्युपत्र टाइप करतील आणि कोण मेलं हे त्यांना कळणार नाही, असं मी पालकांना अभिमानानं सांगत आलो. हा दुसरा नियम तेवढा लक्षात असू द्या.

मग सरकारनं परीक्षा कॉम्प्युटरवर नेली. मी टाइपरायटर भंगारात घातले, एक सोडून, आणि वाशीमला बंद पडलेल्या एका ऑफिसातून अठरा जुने कॉम्प्युटर उचलून आणले. त्यांच्यासोबत अठरा माऊस आले. माऊसशी माझं पहिल्या दिवसापासून वैर. दहा बोटं शिकवायला मी आयुष्य घातलं, आणि हा प्राणी म्हणतो, एक बोट पुरे. शिवाय ते कॉम्प्युटर मुळातच दमेकरी. एखादं पान उघडायचं म्हटलं तर चहा पिऊन कप विसळून होई, तेव्हा कुठे वरची जाहिरात दिसायला लागे. पान त्याच्या खाली, अजून वाटेत.

या काळात मला बसण्याची एक अडचण झाली होती. वऱ्हाडातल्या भिंती जिच्या जाहिरातींनी रंगलेल्या असतात, तीच. दुपारी क्लास रिकामा असताना मी एक नंबरच्या मशीनवर तिची माहिती शोधली, वाचली, पुसून टाकली आणि हात झटकले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बॅचला दाखवायला त्याच मशीनवर सरावाचं पान उघडलं. उताऱ्याच्या शेजारी, लाल अक्षरांत, माझ्या आजाराचं नाव आणि खाली "आजच मुक्ती मिळवा". अठरा मुलींनी ते वाचलं. उतारा वाचू नका म्हटलं तर या उताऱ्याच्या शेजारचं वाचतात. एकही हसली नाही, त्यावरूनच समजलो. तिसऱ्या दिवशी एकीच्या आईनं स्टीलच्या डब्यात सुरणाची भाजी पाठवली. मूळव्याधीवर सुरण, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक आहे.

बायकोनं डबा उघडला आणि विचारलं, "आता हे गावाले कोनं सांगतलं?"

मी म्हटलं, कॉम्प्युटरनं. तिनं भाजी वाढली. चांगली झाली होती.

त्या दिवाळीत माझी एक जुनी विद्यार्थिनी, चौदा नंबर, भेटायला आली. ती आता पुण्यात कॉम्प्युटरच्याच नोकरीत आहे. मी तिला माझी शोकांतिका सांगितली, हातवारे करून, भाजीसकट. ती डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली आणि मग दोन दिवस माझ्या क्लासात मांडी ठोकून बसली. कॉम्प्युटर चालवणारी आधीची सगळी व्यवस्था पुसून तिनं फुकटात मिळणारी एक हलकी व्यवस्था टाकली, आणि वाचायला एक असा ब्राउझर दिला की ज्यात फक्त अक्षरं दिसतात. काळा पडदा, पांढरी अक्षरं. चित्र नाही, व्हिडिओ नाही, हलणारं-डुलणारं काही नाही. जिथे फोटो असेल तिथे कंसात एक शब्द: चित्र. बस. मंत्र्याचा फोटो असो की मुक्तीच्या मलमाचा, दोघांची किंमत एक शब्द. आणि सगळं कीबोर्डवर. बाणानं खाली जा, बाणानं आत शिरा, बाणानं मागे या. अठरा माऊस मी त्याच संध्याकाळी पोत्यात भरले. पान आता बोट उचलायच्या आत उघडत होतं. त्या म्हाताऱ्या यंत्रांना जणू कोणी डोक्यावरचं गाठोडं उतरवून दिलं.

मला खरा आनंद झाला तो एका प्रश्नाचा. साइट उघडली की तिला तुमच्या मशीनवर आपली खुणेची चिठ्ठी ठेवायची असते, पुन्हा आलात तर ओळखायला. तिला कुकी म्हणतात. बाकी ठिकाणी ती गुपचूप ठेवतात, किंवा परवानगी विचारल्यासारखं करून "हो"चं बटण म्हशीएवढं आणि "नाही"चं बटण उवेएवढं करतात. हा काळा ब्राउझर मात्र थांबतो आणि खालच्या ओळीत सरळ विचारतो: ही साइट चिठ्ठी ठेवू म्हणते, ठेवू देऊ का? हो, नाही, नेहमी, कधीच नाही. चारांना चार अक्षरं. लग्न, नोकरी, लेकरांची शाळा, मला जन्मात कशातच कोणी चार पर्याय दिले नव्हते. "कधीच नाही"चं अक्षर डाव्या तर्जनीखाली येतं. पहिले पंधरा दिवस मी ते बटण दाबायला म्हणून भलत्याच साइटवर जायचो.

चौदा नंबरनं जाताना ताकीद दिली, की सर, हे अदृश्य व्हायचं औषध नाही. नेट देणाऱ्याला तुम्ही कोणत्या दारातून आत गेलात ते दिसतंच. फक्त बाहेर पडताना तुमच्या पाठीवर कोणी कागद चिकटवणार नाही. आणि याच्या खोडीही पुष्कळ. मराठी जोडाक्षरं कधी कधी फुटतात, वेलांटी आपलं अक्षर सोडून शेजारणीकडे जाऊन बसते. सरकारी फॉर्म यात भरता येत नाहीत. "तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा" म्हणून चित्रं दाखवतात, ती इथे दिसतच नाहीत, म्हणजे त्या पडद्यापुढे मी यंत्रच ठरतो. ठरू द्या. वाचायला आलोय, मुलगी बघायला नाही.

गावात चर्चा झाली. कोणी म्हणालं सर हॅकिंग शिकवतात. सगळ्यात मोठा टोमणा मारला तो बसस्टँडसमोरच्या ऑनलाइन सेवा केंद्राच्या मालकानं. हा गडी माझाच जुना विद्यार्थी, नऊ नंबर. दोनदा परीक्षेला बसला आणि दोनदा बोटांकडे बघून नापास झाला. आता गावातले सगळे दाखले, सगळे फॉर्म त्याच्या हातून जातात, त्यामुळे कोणाचं उत्पन्न किती, कोणाच्या पोरानं कुठे अर्ज केला, कोणाची पोरगी नापास झाली, हे त्याला घरच्यांच्या आधी कळतं, आणि त्याच्याकडून बाकीच्यांना. तो माझ्या दारात उभा राहून म्हणाला, "सर, तुमचे कॉम्प्युटर सुतक पाळून राह्यले काय?"

मी म्हटलं, "हो. तुह्या दोन परीक्षांचं."

याच नऊ नंबरची भावजय माझ्याकडे चारच्या बॅचला येत होती. दोन नंबरच्या मशीनवर. आणि याच नऊ नंबरची बहीण, म्हणजे हिची नणंद, सात नंबरला. ही गोष्ट दोन नंबरची आहे.

तिशीची बाई. नवरा पुण्यात कंपनीत, आठ जणांच्या खोलीत राहणारा, सणाला येणारा. घरी सासू, दीर आणि नणंद. टायपिंगला तिला दिरानंच घातलं होतं, सर्टिफिकेट मिळालं की आपल्याच केंद्रात बसवायची म्हणून. घरातली बाई, घरातलं काम. पण दोन नंबरच्या बोटांत असं काही होतं की मी तीस वर्षांत तीन-चारदाच पाहिलं असेल. ती टाइप करायची तेव्हा मी स्टॉपवॉच विसरायचो.

अमरावतीला एका सरकारी कार्यालयात टंकलेखकाच्या जागा निघाल्या. तिनं ठरवलं, अर्ज करायचा. आणि तिथे राहायचं कुठे, म्हणून घरच्या मोबाइलवर एका दुपारी नोकरदार बायकांची वसतिगृहं शोधली. तो मोबाइल तिघी बायकांत एक. तिनं शोधलेलं सगळं पुसलं, नीट, माझ्यासारखंच. दोन दिवसांनी सासू त्याच मोबाइलवर लोणच्याचा व्हिडिओ बघत होती, तर कैऱ्या चिरायच्या आधी जाहिरात आली: अमरावतीत महिलांसाठी सुरक्षित वसतिगृह, दोन वेळचं जेवण. सासूनं विचारलं, हे काय? दोन नंबर म्हणाली, येतात अशा, सगळ्यांनाच येतात. दीर जेवत होता. तो म्हणाला, अशाच नाही येत, कोणीतरी पाहिल्याशिवाय नाही येत. तेव्हापासून तो मोबाइल रोज संध्याकाळी त्याच्या हातून तपासून जाऊ लागला.

हे तिनं मला सांगितलं ते जिन्यात, चप्पल घालता घालता, सगळ्या मुली गेल्यावर. तिला एवढंच हवं होतं की चाचणी होईस्तोवर घरी कळू नये. पास झाले तर मी स्वतः सांगीन, म्हणाली, आणि नापास झाले तर सांगण्यासारखं काहीच नाही. आधी कळलं तर मात्र घरातून पायच काढू देणार नाहीत. नवऱ्याला का सांगत नाही, विचारलं, तर म्हणाली, तो दिवसातून दोनदा भावाशी बोलतो.

मी तिला दोन नंबरवर काळा पडदा उघडून दिला आणि म्हटलं, वाच काय वाचायचं ते. मग ती रोज क्लासाआधी अर्धा तास यायची. जागांची सूचना, चाचणीचे नियम, वसतिगृहांची पत्रकं, बायकांच्या रजांचे कायदे, सगळं वाचायची, आणि उठताना एक बटण दाबून पडदा मिटवून जायची. मागे काही उरत नव्हतं. वाचताना ती दुसरीकडे कुठे बघतही नव्हती. बघायला तिथे होतंच काय? अर्ज मात्र त्या पडद्यावर भरता येईना, म्हणून तो मी माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर भरला. ओटीपी बायकोच्या मोबाइलवर, पत्ता माझ्या क्लासाचा. चाचणीचा सोमवार ठरला.

आता सोमवारी तिला घरातून काढायचं कसं? हे काम बायकोनं घेतलं. ती दोन नंबरच्या सासूकडे गेली आणि म्हणाली, मले अमरावतीले डोळे दाखवाचे हायेत, एकटीनं जाववत नाही, तुमच्या सुनेले पाठवा संगं. सासू हो म्हणाली. घरी येऊन मी बायकोच्या अभिनयाचं कौतुक केलं, तर ती माझ्यावरच उखडली. अभिनय कसला, म्हणे, खरंच दाखवणार आहे डोळे. माझ्या क्लासातल्या पोरीसाठी ती खोटं बोलणार नव्हती.

सगळं असं बेतशीर जुळलं होतं. मग माती कोणी खाल्ली? मी.

स्पीडच्या सरावाला उतारे लागतात. माझे जुने उतारे, वृक्षारोपण, बचतीचं महत्त्व, मुलींना पाठ झाले होते. पहिला शब्द दिसला की बोटं आपोआप शेवटापर्यंत धावत. काळा पडदा आल्यापासून मी दर शुक्रवारी ताजा उतारा काढू लागलो होतो. एखादं पान उघडायचं, छापायचं, वरची दुव्यांची यादी कात्रीनं कापायची, शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून अठरा प्रती. त्या शुक्रवारी सकाळी मी दोन नंबरवर तुरीवरच्या शेंगअळीचा लेख काढून ठेवला होता. दुपारी दोन नंबर येऊन आपलं वाचत बसली. चारला दहा कमी असताना नणंद अचानक दारात दिसली, म्हणून ही पटकन उठून पाण्याच्या माठाकडे गेली. पडदा मिटवायचा राहिला. मी घाईत आलो, पडद्यावर अक्षरं दिसली, छापायचं बटण दाबलं.

आता तुम्ही म्हणाल, दिसलं नाही का? नाही दिसलं. रंगीत पान असतं तर वसतिगृहाचा फोटो दिसला असता, हसऱ्या बायका दिसल्या असत्या, तुरीची अळी आणि त्या बायका यांच्यात मी गल्लत केली नसती. काळ्या पडद्यावर सगळी पानं सारखी. आणि वाचून बघायचं, तर उतारा वाचायचा नसतो हा नियम माझाच.

प्रती वाटल्या. स्टॉपवॉच दाबलं. अठरा कीबोर्ड सुरू झाले की पत्र्यावर तुरीच्या शेंगा ओतल्यासारखा आवाज येतो. तो ऐकत मी ओळींमधून फिरत होतो, हात पाठीमागे, सम्राटासारखा. चौथ्या मिनिटाला एक कीबोर्ड थांबला. दोन नंबर. ती स्पीडमध्ये कधी थांबत नाही. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या हातातला कागद पाहिला. "नोकरदार महिलेने प्रवेशाच्या वेळी नियुक्तीपत्राची प्रत सादर करावी. वसतिगृह अमरावती बसस्थानकापासून." आणि चार खुर्च्या सोडून सात नंबर, तिची नणंद, तेच वाक्य टाइप करत होती. खडखड खडखड, बिनचूक.

 मी गणपतीतल्या नाटकात वीस वर्षं कामं केलेला माणूस आहे. न घाबरता दाराकडे गेलो, बाहेर जाऊन मेन स्विच खाली ओढला, आणि आत येऊन कपाळाला हात लावला. लाइट गेली. मंगरूळपीरला लाइट जायला कारण लागत नाही. मी म्हटलं, चाचणी रद्द, उताऱ्यात चुका आहेत, कागद परत द्या. मुली कुरकुरत कागद देऊ लागल्या. सात नंबरनं मात्र आधी खिडकीतून शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या दुकानात पाहिलं. तिथला पंखा गरगर फिरत होता. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. 

अठरा प्रती वाटल्या होत्या. परत आल्या सतरा.

त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. साऱ्या जगाच्या कंपन्यांना मी दाराबाहेर उभं केलं होतं, डाव्या तर्जनीनं, आणि चुगली शेवटी कोणी केली, तर मी स्वतः, अठरा प्रतींत. बायको म्हणाली, उपाशी राहून तो कागद वापस येते काय. सोमवारचं जाणं तिनं रद्द केलं नाही. माझे डोळे सोमवारीही खराबच राह्यतीन, एवढंच म्हणाली.

शनिवारी दोन नंबर आली ती कोमेजलेल्या चेहऱ्यानं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तिनं हातानंच थांबवलं.

"सर, घरी काहीच नाई झालं," ती म्हणाली. "त्याच्यानंच भेव वाटून राह्यलं."

सव्वाचारला नऊ नंबर आला. बॅच चालू होती. दोन नंबर आपल्या जागी, सात नंबर आपल्या. हा सरळ आत, हातात गाडीची किल्ली फिरवत. आधी गोडीनं बोलला. म्हणाला, हे काळे डबे काढा, मी तुम्हाला अठरा नवे कॉम्प्युटर लावून देतो, एक पैसा नको, फक्त सगळे माझ्या केंद्राला जोडलेले राहतील आणि येणाऱ्या प्रत्येक मुलीचा मोबाइल नंबर त्यात नोंदवायचा. मी विचारलं, नंबर कशाला? म्हणाला, कंपनी त्यांना चांगल्या चांगल्या योजना कळवते. मी म्हटलं, मला एकदा कळवली होती, लाल अक्षरांत.

त्याला ते समजलं नाही. मग तो मूळ मुद्द्यावर आला. दोन नंबरच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, वहिनी इथे अर्धा तास आधी येऊन काय बघतात? जरा हिस्ट्री दाखवा.

सगळे कीबोर्ड चालू होते, पण आवाज बदलला होता. मुली टाइप करत होत्या आणि कान इकडे होते. तीस वर्षांत मला तेवढं कळतं.

मी म्हटलं, बघ ना, तूच बघ. दोन नंबरला उठवलं आणि त्याला बसवलं. त्याचा उजवा हात टेबलावर माऊस शोधत फिरला, फडक्यावर झुरळ फिरावं तसा. माऊस नव्हता. त्यानं कीबोर्डकडे मान खाली घातली आणि एका बोटानं एक बटण दाबलं. पडद्यावर एक ओळ आली. दुसरं दाबलं, ओळ गेली. पडदा काळा. तो म्हणाला, यात तर काहीच नाही. मी म्हटलं, बरोबर. पाटी पुसलेली असते, ती पुढच्यासाठी. तो म्हणाला, असं कसं, कुठेतरी असेलच. मी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि त्याच्या हातांवर टाकला, सवयीनं म्हणा, मस्तीनं म्हणा. "बोटाईकडे पाहू नको. म्हणून तं दोनदा राह्यला." मागच्या ओळीत कोणीतरी खोकल्यात हसू लपवलं.

तो उठला. कान लाल. मला म्हणाला, सर, माझ्या घरातली बाई आहे, ती काय वाचते हे मला कळायला पाहिजे.

मी नाटकात पुष्कळ मोठी वाक्यं म्हटली आहेत, दाढी लावून. हे बिनदाढीचं होतं.

"ती काय वाचते, ते तिले विचार," मी म्हटलं. "ते तुह्या मागंच उभी हाय. सांगाचं असन तं सांगीन, नसन तं नाई सांगीन. माह्या मशीनले विचारू नको, अन् मलेबी नाई."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. नजर खाली घातली नाही. तेव्हा तो वळला आपल्या बहिणीकडे. सात नंबर, शुक्रवारचा अठरावा कागद जिच्याकडे होता ती. 

"तू सांग वं," तो म्हणाला. "तू तं रोज इथंच असतं. काय वाचते वहिनी?"

सात नंबरची बोटं थांबली नाहीत. नजर उताऱ्यावर, पाठ ताठ, मनगटं उचललेली, मी शिकवलं तशी.

"मले काय मालूम, दादा," ती म्हणाली. "सरनं सांगतलं हाय. इथं वाचाचं नसते, टाइप कराचं असते."

माझ्या दुसऱ्या नियमाचा इतका सुंदर उपयोग मी स्वतः कधी केला नव्हता. नऊ नंबर किल्ली फिरवत निघून गेला. मी स्टॉपवॉचकडे बघितलं; ते मी सुरूच केलं नव्हतं.

सोमवारी सकाळच्या बसनं दोघी कारंज्यामार्गे अमरावतीला गेल्या. बायकोनं आधी डोळे दाखवले, मग चाचणीच्या फाटकाबाहेर चिंचेखाली तीन तास बसून राहिली. येताना चष्मा घेऊन आली. तिचे डोळे खरंच खराब निघाले, दोन्ही. चष्मा लावून तिनं मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, एवढे दिवस बरं होतं.

सोयाबीन निघून बाजारात गेलं, तुरीला फुलं आली, तेव्हा माझ्या क्लासाच्या पत्त्यावर पाकीट आलं. दोन नंबरनं ते उभ्यानं वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं, आणि पदराला बोटं पुसली. मी विचारलं, मी येऊ का घरी, सांगायला? ती म्हणाली नको. आणि गेली.

घरी काय झालं ते मला नंतर सात नंबरकडून कळलं. सकाळी चहाच्या वेळी, सगळे बसलेले असताना, दोन नंबरनं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं, पदनाम, पगार, हजर व्हायची तारीख, सही करणाऱ्याच्या हुद्द्यासकट, एकाही शब्दावर न अडखळता. सासूनं विचारलं, मग भाकरी कोण करीन? सात नंबर म्हणाली, दादा शिकीन, दोनदा नापास व्हईन, तिसऱ्यांदा जमन त्याले. नवऱ्याला पुण्याला फोन लागला. त्यानं एवढंच विचारलं की अमरावतीत खोली किती जणांची असते. दीर दोन दिवस धुमसला, पण कशाला नाही म्हणावं हे त्याला ठरवता येईना. बातमी त्याच्या केंद्रातून न जाता घरात आली होती, हेच त्याला अजून पचलं नव्हतं. दोन नंबर ठरल्या तारखेला हजर झाली.

ती गेल्यावर सात नंबरनं मला तो अठरावा कागद परत दिला. चार घड्या पडलेला. त्यावर एका ओळीखाली पेन्सिलीनं रेघ होती, "अविवाहित महिलांनाही प्रवेश". मी कागद पाहिला, तिला पाहिलं, आणि मला जे विचारावंसं वाटलं ते विचारलं नाही. दोन नंबरची खुर्ची रिकामी होती. ती तिथे जाऊन बसली.

आणि नऊ नंबर? माझ्याशी दोन महिने बोलला नाही. मग गेल्या महिन्यात एका भर दुपारी, क्लास रिकामा असताना, दारात उभा राहिला. म्हणाला, सर, तुमचं ते काळं मशीन जरा पाहिजे होतं, दहा मिनिटं. स्वतःच्या केंद्रात पंधरा झगझगीत कॉम्प्युटर असलेला माणूस. मी काही विचारलं नाही. एक नंबर उघडून दिलं, बाण कुठे आहेत ते दाखवलं. पहिल्याच पानानं त्याला विचारलं, चिठ्ठी ठेवू देऊ का? त्यानं माझ्याकडे वर पाहिलं. मी म्हटलं, डावी तर्जनी. त्यानं दाबलं, बोटाकडे न बघता.

मी खिडकीशी जाऊन पाठ फिरवून उभा राहिलो आणि शेजारच्या दुकानातला पंखा बघत बसलो. दहाची वीस मिनिटं झाली. जाताना त्यानं पडदा मिटवला होता.

त्यानं काय वाचलं? ते त्याला विचारा. मी कोणाच्या घरी सुरणाची भाजी पाठवलेली नाही.